पांढरी दोन, नववी सिंफनी आणि सूनबाई

ताई, स. न.

मी पुण्याची, वय पासष्ट. भजनी मंडळात पेटी वाजवते. आमचे हे आणि मी तीसेक वर्षं सवाईला जातोय. या उन्हाळ्यात आम्ही मुलाकडे बॉस्टनला चाललोय. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारची टँगलवूडच्या उन्हाळी संगीत महोत्सवाची तिकिटं त्याने काढून ठेवली आहेत, हिरवळीवरची. तळ्याकाठचं थंड हवेचं ठिकाण आहे, दोन रात्री राहू, बीथोवनची नववी सिंफनी ऐकू, असा त्याचा बेत. ह्यांनी ऐकताक्षणी सांगून टाकलं, ‘तंबोऱ्याशिवायचं गाणं मला नको. मी गाडीत पेपर वाचत बसेन.’ गुडघ्यांचं निमित्त आहेच. खरं सांगायचं तर मलाही त्यातलं काही कळत नाही. टाळ्या कधी वाजवायच्या, साडी चालेल का, खायला काय न्यायचं, आणि कंटाळा आला तर तो चेहऱ्यावर दिसेल का, याचीच धास्ती. जावं, की काही कारण काढून टाळावं?

ता. क. सून तिकडचीच आहे. त्या दिवशी ती कोरसमध्ये गाणार आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आली होती तेव्हा आमच्याबरोबर सवाईला चार तास मांडी घालून बसली होती.

– पेटीवाली

पेटीवाली ताई,

ता. क. आधी वाचायची मला जुनी खोड आहे. त्यामुळे तुमचं पत्र मी उलट्या बाजूने वाचलं, आणि मग टाळ्या, साडी, डबा हे सगळे प्रश्न मला अगदी किरकोळ वाटायला लागले. मुकुंदनगरच्या मैदानावर, डिसेंबरच्या गारठ्यात, जिला मांडी घालायची सवय नाही अशी मुलगी चार तास बसली. विलंबित ख्यालात तिला काय कळलं असेल? समेवर सगळे एकदम माना का हलवतात, हे तिला कुणी सांगितलं होतं का? तरी बसली. कारण ते तिच्या सासू-सासऱ्यांचं गाणं होतं. आता तिचं गाणं आहे. तेव्हा जायचं. दोघांनीही जायचं. पेपर घरी.

एवढं सांगून मी थांबले तर तुम्ही जाल, पण धास्ती घेऊन जाल. ती काढायला हवी. माझी धाकटी बहीण बॉस्टनजवळ असते, म्हणून मी एकदा तिथे जाऊन आले आहे. तेव्हा मीही तुमच्याइतकीच कोरी होते, आणि सतरंजीखाली प्लास्टिक अंथरायचं सुचलं नाही म्हणून दीड तास ओल्या गवतावर बसले होते.

आधी तुमच्या ह्यांचा तंबोरा. त्यांना म्हणावं, नवव्या सिंफनीची सुरुवात ऐका आणि मग बोला. त्या वेळी युरोपातल्या सिंफनी साधारणपणे ठणठणीत सुरू व्हायच्या. ही सुरू होते ती कुजबुजीत. सगळं अगदी हळू, तारांवर नुसता कंप, आणि त्या कंपात फक्त दोनच सूर, षड्ज आणि पंचम म्हणावेत असे. गंधार नाही, त्यामुळे राग कोमल अंगाचा की शुद्ध अंगाचा तेही कळत नाही. आतल्या खोलीत कुणी तंबोरा जुळवत बसलंय आणि आपण ओसरीवर गाण्याची वाट पाहतोय, असं वाटतं. मग त्या अंधुकातून एकदम सगळा वाद्यवृंद कोसळतो. तुमच्या ह्यांना ही पहिली दोन मिनिटं घरीच यूट्यूबवर ऐकवा, काय आहे ते न सांगता. नंतर काय म्हणतात ते मला कळवा.

आता पेटी काढा. पांढरी दोनचा सा धरा. चौथ्या भागात जी प्रसिद्ध चाल येते, ती अशी:

ग ग म प । प म ग रे । सा सा रे ग । ग रे रे

आणि दुसऱ्यांदा तीच, फक्त शेवट सावर: सा सा रे ग । रे सा सा. सगळे शुद्ध स्वर. पाच सुरांत बसलेली चाल, भजनी मंडळातल्या नवख्या बाईलाही अर्ध्या तासात येईल अशी. पुढच्या ओळीत ती एकदाच खाली मंद्र पंचमाला स्पर्श करून येते. आणि तिथून परत मूळ ओळीला जाताना तो पहिला ग समेच्या एक मात्रा आधीच उचलला जातो. पेटीवर वाजवताना तिथे हात अडखळेल. अडखळला की समजायचं, बरोबर जागी आलात. लयीशी अशी लाडीगोडी आपल्याकडे रोज चालते, तुम्हाला ती पकडायला वेळ लागणार नाही.

ही चाल आठवडाभर रोज वाजवा. तेवढी तयारी पुरे आहे. पाश्चात्य संगीताच्या इतिहासाची पुस्तकं वगैरे आणू नका, ती विमानात उशाखाली जातात.

कारण काय होतं सांगते. सिंफनी चार भागांची, सव्वा तासाच्या आतबाहेरची. पहिला भाग तो तंबोऱ्यापासून वादळापर्यंतचा. दुसरा लयीचा खेळ. त्यात नगाऱ्यासारखं वाद्य मध्येच एकटं घुसतं आणि सगळ्यांना दचकवतं. तिसरा भाग संथ, फार सुंदर, आणि तिथे तुमच्या ह्यांना डुलकी लागण्याचा संभव आहे. लागू द्या, फक्त घोरायला लागले तर कोपर मारा. चौथा भाग सुरू होतो तो कर्कश कल्लोळाने. मग सगळ्यात खालच्या आवाजाची वाद्यं, चेलो आणि डबल बास, बोलायला लागतात. बोलतात म्हणजे खरंच बोलल्यासारखं वाजवतात. पहिल्या भागाचा तुकडा येतो, ती म्हणतात, हे नको. दुसऱ्याचा येतो, हेही नको. तिसऱ्याचा गोड तुकडा येतो, त्यावर थोडी रेंगाळतात, पण नकोच. आणि मग, अगदी हळू आवाजात, एकही साथ न घेता, तीच खर्जातली वाद्यं सुरू करतात: ग ग म प, प म ग रे.

ताई, तुम्ही आठवडाभर वाजवलेली ओळ त्या खर्जात, त्या शांततेत ऐकाल तेव्हा काय होईल ते मी सांगत बसत नाही. मग ती चाल व्हायोला घेतात, मग व्हायोलिनं, मग तुताऱ्यांसह सगळा लवाजमा. आपल्याकडे एकच गायक एकाच बंदिशीची बढत करतो. इथे बढत म्हणजे माणसं वाढत जातात. चाल तीच, पण एकीबरोबर दुसरी ओळ चालायला लागते, तिसरी चालायला लागते. आपला कान एकच धागा धरून चालणारा आहे, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ वाटतो. उपाय सोपा: सगळं ऐकायचा हट्ट सोडा. एक वाद्य पकडा आणि त्याच्याच मागे जा. मी डबल बासच्या मागे गेले होते. ती माणसं उभ्या उभ्या, आपल्यापेक्षा मोठ्या वाद्याला मिठी मारून वाजवतात, त्यामुळे चुकायची भीती नसते.

यानंतर पुन्हा तो कर्कश कल्लोळ येतो, आणि इतका वेळ फक्त वाद्यं वाजत असताना पहिल्यांदा माणसाचा आवाज उठतो. एकटा पुरुष, खर्जाचा गायक. गाण्याचे शब्द शिलर या जर्मन कवीच्या 1785 च्या कवितेतले, पण ही पहिली ओळ बीथोवनने स्वतः लिहून वर जोडली. अर्थ साधारण असा: मित्रांनो, हे सूर नकोत! त्यापेक्षा अधिक आनंदाचं काही गाऊया. ‘हे सूर नकोत’ म्हणणारे एक गृहस्थ तुमच्या शेजारी बसलेले असतील. त्यांच्याकडे तेव्हा एकदा वळून बघा.

आणि लगेच तुमची सून उभी असलेला कोरस.

या कोरसविषयी तुम्हाला कुणी सांगितलंय का, मला माहीत नाही. टँगलवूड फेस्टिव्हल कोरस 1970 साली सुरू झाला. त्यात गाणारे लोक मानधन घेत नाहीत. नोकऱ्या सांभाळून, निवड-चाचणी देऊन, बॉस्टन सिंफनीसारख्या नामांकित वाद्यवृंदाबरोबर उभे राहतात. म्हणजे दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी तालमीला जाणारी सून आहे तुमची. आपल्याकडच्या हौशी नाटकवाल्यांची जातकुळी. आणि नवव्या सिंफनीत कोरसचं काम सोपं मुळीच नाही. पाऊण तासाहून जास्त वेळ थांबायचं, गळा गार पडलेला, आणि मग थेट वरच्या सुरांत शिरायचं. ती सोप्रानो असेल, म्हणजे बायकांचा सगळ्यात वरचा आवाज, तर दोन चाली एकमेकींत गुंफलेल्या एका जागी त्या बायकांना तार सप्तकातला पंचम धरून ठेवावा लागतो, कितीतरी वेळ, खाली सगळं खळाळत असताना. पेटीवर पांढरी दोनच्या सावरून मोजा कुठे जातो तो. मग त्या सुरावर नुसतं एक मिनिट उभं राहून बघा.

म्हणूनच तिकिटांबद्दल माझं मुलाच्या विरुद्ध मत आहे. हिरवळ सुंदर आहे, पण हिरवळीवरून मंच दिसत नाही. गाणं कर्ण्यांतून चांगलं ऐकू येतं, लोक गवतावर आडवे होऊन आभाळ बघत ऐकतात, सगळं खरं. पण सून गाताना दिसणार नाही, आणि तुम्ही तिथे कशासाठी चाललाय? मुलाला सांगा, रविवारी आम्हा दोघांना आत खुर्चीची तिकिटं काढ. जरा महाग पडतील. गुडघ्यांचा प्रश्नही त्यातच सुटतो. हिरवळीची हौस शनिवारी सकाळी भागवा. शनिवारी सकाळी तिथे लोकांना तालीम ऐकता येते, आणि बहुधा ती रविवारच्याच कार्यक्रमाची असते. तालीम ऐकणं तर मला प्रत्यक्ष कार्यक्रमापेक्षा आवडलं. वाद्यवृंदाचा संचालक मध्येच थांबवतो, चार ओळी पुन्हा घेतो, काहीतरी पुटपुटतो, सगळे हसतात. दुसऱ्या दिवशी तीच जागा आली की आपल्याला वाटतं, ही तर आपल्या घरची. तुमच्या खेपेचं वेळापत्रक मात्र मुलाकडून नीट बघून घ्या.

‘आत’ म्हणजे कुठे, तेही ऐका, कारण ती गोष्ट तुम्हाला सवाईचा मांडव आठवून देईल. 1937 च्या ऑगस्टमध्ये तिथे पहिल्यांदा मैफली झाल्या त्या तंबूत. एका संध्याकाळी वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या रचनांचा कार्यक्रम चालू असताना असा वादळी पाऊस आला की वाजवणं थांबवावं लागलं. महोत्सवाच्या सूत्रधार गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ या बाई. त्यांनी तिथल्या तिथे भिजलेल्या श्रोत्यांपुढे पक्क्या छपरासाठी पदर पसरला. एलिएल सारिनेन हा मोठा वास्तुशिल्पी नेमला, त्याचा आराखडा खर्चाबाहेर गेला, काटछाट करायला सांगितल्यावर तो वैतागून म्हणाला की एवढ्या पैशात नुसती शेड होईल, तिला वास्तुशिल्पी कशाला हवा. मग गावातल्या जोझेफ फ्रान्झ या इंजिनियरने ती शेड उभी केली आणि 1938 मध्ये ती उघडली. आजही तिला शेडच म्हणतात. सुमारे पाच हजार खुर्च्या, वर छप्पर, बाजू उघड्या. वारा येतो, पाखरं येतात.

आता नियम, भराभर. सिंफनीच्या दोन भागांमध्ये शांतता पडते, तेव्हा टाळ्या नाहीत. संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबायचं. संशय आला तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे बघा, त्या चाळीस वर्षं येत असतात. नवव्या सिंफनीचा शेवट मात्र कुणालाही चुकत नाही, तो धावत सुटतो आणि लोक उठूनच टाळ्या वाजवतात. ‘क्या बात है’ मनात. मांडीवर ताल धरायला हरकत नाही, पण काचेच्या बांगड्या त्या दिवशी नकोत; संथ भागात तो किणकिणाट चार रांगा ऐकू जातो. खडीसाखर, लवंग आधीच कागदातून सोडवून रुमालात. उशीर झाला तर मध्ये सोडत नाहीत, तेव्हा दुपारी अडीचचा कार्यक्रम असेल तर बाराच्या सुमाराला पोहोचा. मध्ये उठून वडापाव खाऊन यायची सवाईची सोय इथे नाही.

साडी नेसा. सुती, नाहीतर हलकी रेशमी. खाली बुटांना लाजू नका, पार्किंगपासून गवतातून चालायचं असतं. सूर्य कलला की हवा झपकन गार होते, शाल लागतेच. आणि एक गोष्ट बहिणीने मला बजावून सांगितली होती ती तुम्हालाही सांगते: त्या भागात गोचीड फार, चावल्यावर लाइम नावाचा आजार होऊ शकतो. झाडीत, उंच गवतात शिरू नका, पायात लांब मोजे घाला आणि रात्री घोटे, गुडघ्यांमागची बाजू नीट बघा.

डबा बिनधास्त न्या. हिरवळीवर स्वतःचं खाणं नेऊ देतात, लोक तर मेजावर पांढरा कपडा, मेणबत्त्या, वाइनचे पेले अशी जय्यत मांडणी करतात. त्या मेणबत्त्यांना बिचकू नका. आमच्या सतरंजीवर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासात चहा होता, आणि शेजारच्या मेणबत्तीवाल्या आजोबांनी दोनदा चटणी मागून घेतली. तिखट आहे म्हणून सांगितलं होतं.

राहायचं म्हणाल तर मुलाने जागा आधीच घेतली असेल अशी आशा आहे. ऑगस्टमधल्या शनिवार-रविवारी तिथल्या लेनॉक्स गावात आयत्या वेळी खोली मिळणं कठीण, आणि दर ऐकून तुमच्या ह्यांना गुडघेदुखीचा विसर पडेल. बॉस्टनहून गाडीने दोन-अडीच तास लागतात.

तळं विसरू नका. त्याचं नाव स्टॉकब्रिज बाउल, म्हणजे स्टॉकब्रिजचं वाडगं. टेकड्यांच्या मधोमध खरंच तसं ठेवल्यासारखं दिसतं. लेखक नथॅनियल हॉथॉर्न 1850-51 मध्ये तळ्याच्या वरच्या अंगाला एका लाल घरात भाड्याने राहिला होता. टँगलवूड हे नाव त्याच्यामुळेच त्या जागेला चिकटलं. शेजारीच कृपालू योग केंद्र आहे, गुजरातच्या स्वामी कृपाल्वानंदांच्या नावाचं. ज्या जागेवर ते आहे तिथे पूर्वी अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाचा बंगला होता, 1919 मध्ये तो तिथेच वारला. आता तिथे लोक शवासन करतात. तुमचे हे प्राणायाम करत असतील तर रविवारी सकाळी तिकडे एक चक्कर मारा, मूड सुधारेल.

तेवढ्याने नाही सुधारला तर त्यांना एक गोष्ट सांगा. 1986 च्या जुलैमध्ये याच शेडमध्ये मिदोरी नावाची चौदा वर्षांची मुलगी व्हायोलिन वाजवत होती, लिओनार्ड बर्नस्टाइन या अमेरिकी संगीतकाराच्या रचनेत, संचालक स्वतः बर्नस्टाइन. वाजवता वाजवता तार तुटली. आपल्याकडे कलाकार तार बदलतो, दोन किस्से सांगतो, लोक चहाला उठतात. इथे अख्ख्या वाद्यवृंदाचं गाडं चालू. ती वळली, वाद्यवृंदाच्या मुख्य व्हायोलिनवादकाने आपलं स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे जुनं, अतिशय मौल्यवान व्हायोलिन, तिच्या हातात दिलं, तिने पुढे सुरू केलं. थोड्या वेळात त्याचीही तार तुटली. मग दुसऱ्याचं व्हायोलिन. तीन वाद्यं झाली, पण रचना पूर्ण झाली. आणि हेही सांगा की 1958 च्या उन्हाळ्यात मुंबईचा बावीस वर्षांचा झुबिन मेहता तिथे शिकायला होता. गाडीत पेपर वाचत नव्हता.

राहता राहिलं एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. कार्यक्रम संपल्यावर सून कपडे बदलून येईल आणि विचारेल, कसं वाटलं? ‘छान झालं’ म्हणू नका. सवाईहून परतताना तिने तुम्हाला काय सांगितलं होतं, आठवतंय का? तिने काहीतरी नेमकं सांगितलं असणार, कुठलातरी एक तुकडा, कुणाचा तरी एक सूर. तुम्हीही तसंच नेमकं सांगा. इंग्रजी अडलं तर घरी गेल्यावर पेटी मागवा. बॉस्टनमध्ये मराठी मंडळ आहे, पेटी मिळेल. पांढरी दोन. तुम्ही वाजवा, ती गाईल, आणि ह्यांच्या हातात तबला नाहीतर डबा, काय सापडेल ते द्या.

– तुमची,
सतरंजीवाली